पंपाचं गोत

माझी आई माझ्या डोळ्यांदेखत गुदमरली, त्याला तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही म्हणजे नेमके कोण हे मला ठाऊक नाही, आणि तुम्ही ते कळू देणारही नाही, म्हणून मोघम लिहितो. पण औषधांची नावं ज्या खोलीत ठरतात, ज्या पंख्याखाली, ज्या बिस्किटांच्या बशीभोवती बसून 'हे कुणाला कळणार तर नाही ना?' याची खात्री करून घेतली जाते, त्या खोलीत तुम्ही होता. नसलात तर दाराबाहेर होता, आणि आत कोण बसलंय हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा खुर्ची ओढा आणि शेवटपर्यंत ऐका. शेवटी एक प्रश्न आहे.

मी हरिचंद राठोड. हिंगोलीच्या एसटी डेपोत सुट्या भागांच्या भांडारावर असतो. माझ्याकडं साधा वॉशर आला तरी तो कुठून आला, कुठं बसतो आणि काय करतो, हे त्याच्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी नसलेला वॉशर मी घेत नाही. बसच्या चाकाला जी इज्जत आहे ती माणसाच्या छातीला नाही, हे मला या प्रकरणात कळलं. शाळेनं मला दहावीतच हात जोडले. पुढं जे वाचलं ते सुट्या भागांना गुंडाळून आलेल्या कागदांवरचं. त्या जोरावर मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. काही छापून येतात. न छापलेली जास्त चांगली असतात.

आईला आमच्यात याडी म्हणतात. माझी याडी, रुख्मिणीबाई, साखरा गावाच्या पुढं आमचा तांडा आहे तिथं राहायची. घरात आमचं बोलणं गोरमाटीत, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या बोलीत चालतं. इथं मी ते मराठीत करून लिहितो आहे, तुम्हाला कळावं म्हणून. आणि फुकट. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

तर हळदीचा हंगाम होता. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ढोलात घालून गरगर फिरवतात, तेव्हा तिच्या सालीची अशी पूड उडते की माणूस, म्हैस आणि मोटारसायकल एकाच रंगाची होते. त्या ढोलाशेजारी याडीचा जन्म गेला. या वर्षी मात्र तिच्या छातीतून मांजराचं पिल्लू दडून बसल्यासारखा आवाज यायला लागला. मी तिला हिंगोलीला आणलं. हळदीचा बाजार भरतो त्या मोंढ्यामागं आमची कॉलनी आहे. तिथंही हळद वाऱ्यावर येतेच, पण निदान तिकडच्यापेक्षा कमी.

डॉक्टर मोठे. इतके मोठे की आपल्याकडं बघायची त्यांना उसंत नव्हती. याडीच्या पाठीला नळी लावली, समोरच्या पडद्याकडं बघत बोलले, "दमा आहे. ब्रॉन्कोडायलेटर देतोय. धाप लागली की घ्यायचा. पुढचा पेशंट."

याडी उठली नाही. तिनं विचारलं, "दादा, ह्याचं गोत काय?"

इथं थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या तांड्यावर अनोळखी माणूस आला की त्याला खाट टाकतात, पाण्याचा तांब्या ठेवतात, आणि मग विचारतात: गोत कोणतं, तांडा कोणता, नायक कोण? उत्तरं जुळत गेली की कुठंतरी नातं निघतंच. नातं निघालं की पाहुणा घरात येतो. नाही निघालं तर पाणी पिऊन वाटेला लागतो. भांडण नाही, अपमान नाही. पण गोत सांगितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. सरकारी कार्यालयात ओळखपत्र मागतात ना, तसंच. फक्त आमच्याकडं पाणी आधी मिळतं.

डॉक्टर म्हणाले, "चांगल्या कंपनीचं आहे, आजी."

"कंपनी न्हाई इचारली म्या. गोत इचारलं."

"काही तकलीफ होणार नाही त्याची."

"म्हंजे ठाऊक न्हाई," याडी म्हणाली आणि उठली. दाराबाहेर येऊन मला म्हणाली, "हरिचंदा, ज्याचं गोत सांगता येत न्हाई त्याला लोक उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. हे तर छातीच्या आत घ्या म्हनून राहिले."

आता सांगा, यात ती काय चुकीचं बोलली?

घरी आल्यावर तिनं व्हरांड्यात खाट टाकायला लावली. खाटेवर धुतलेली चादर अंथरली, आणि चादरीच्या मधोमध डॉक्टरांनी दिलेला तो औषधाचा निळा पंप ठेवला. शेजारी पाण्याचा तांब्या, वर पेला पालथा. "पाव्हना हाय. बसू दे भाईर. गोत कळलं की घेऊ आत."

माझी बायको मिना म्हणाली, "अवो, सरळ सांगा ना त्यांना, ते औषध काय करतं म्हून."

"ती काय करतं ते विचारत नाही, कुठलं आहे ते विचारते," मी म्हणालो. "शब्दाचा उगम हा गंभीर विषय आहे. हे काम माझं आहे." मिनानं माझ्याकडं बघितलं आणि कणीक मळायला गेली. ती कणीक जरा जास्तच वेळ मळली गेली.

कॉलनीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. राठोडांच्या व्हरांड्यात खाटेवर औषधाचा पंप निजवलाय आणि त्याला पाणी ठेवलंय, हे बघायला माणसं दूध आणताना वाट वाकडी करून यायला लागली. आणि आली की सल्ला ठेवल्याशिवाय जाईनात.

माझा डेपोतला सोबती देविदास म्हणाला, "पंप देऊ नका बरं का. एकदा लागला की सुटत न्हाई. आमच्या सासऱ्याला लागला, गेले."

"कधी गेले?"

"ह्याच दिवाळीला."

"पंप कधी लागला होता?"

"माझ्या लग्नाच्या आधी."

देविदासची पोरगी यंदा कॉलेजला गेली. मी त्याला एवढंच म्हणालो की मग पंपानं फारच सावकाश मारलं म्हणायचं. तो रागावला, पण जाताना त्यानं माझ्या मोबाइलवर दमा मुळासकट उपटून टाकणारे तीन काढे पाठवले. तिन्हीत हळद होती.

दुसऱ्या एकानं हैदराबादेला नेऊन जिवंत मासा गिळवा म्हणून सांगितलं. मिना म्हणाली, "माशाची तयारी हाय का ते इचारून घ्या आधी."

सगळ्यांत भारी आमचे शेजारी दत्तोपंत. दत्तोपंत एका कार्यालयातून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले. आता सकाळी देवळातला अभिषेक आणि दिवसभर कंपाउंडच्या भिंतीवरून मार्गदर्शन, असा त्यांचा दिनक्रम. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला यावर त्यांची श्रद्धा आहे. एकदा त्यांनी 'टायर'सुद्धा संस्कृतातून काढला होता; मी स्टोअरला असल्यामुळं मला ते फार लागलं होतं.

"राठोड, दम्याला अस्थमा का म्हणतात?" भिंतीवर कोपर टेकून ते म्हणाले. "सोपं आहे. स्था म्हणजे उभं राहणे. अस्थमा म्हणजे जो माणसाला उभं राहू देत नाही तो!"

"आणि ब्रॉन्कोडायलेटर?"

पंतांनी भिंतीवरचं कोपर काढून घेतलं. "त्यावर काम चालू आहे," म्हणाले.

मी मोबाइल काढला. मोबाइलनं मराठीत सांगितलं: श्वासनलिका विस्फारक. मी ते याडीला वाचून दाखवलं. तिनं पंपाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि खाट भिंतीपासून हातभर लांब ओढायला सांगितली. दोष तिचा नाही. हा शब्द ऐकून मीही थोडा मागं सरकलो होतो.

ही तुमची करामत. इंग्रजीतून मराठीत आणताना इतके कष्ट घ्यायचे की इंग्रजीच बरं वाटावं! औषध आहे की सुरुंग?

बरं, मोबाइलवर भरवसा तरी कसा ठेवावा? त्याच मोबाइलवर देविदासचे काढे होते. छापील पुरावा पाहिजे, असं मी ठरवलं आणि एका वाचनालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. पाटीवर ज्ञानाबद्दल काहीतरी चांगलं लिहिलेलं आहे, एवढं सांगतो. तिथं काचेच्या कपाटात शब्दांचा उगम सांगणारा जाडजूड इंग्रजी कोश दिसतो. दिसतो, एवढंच. कपाटाला कुलूप.

टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "काहून पायजे?"

"शब्द बघायचा आहे."

"कारण काय लिहू? आमच्याकडं दोनच कारणं हायेत. स्पर्धा परीक्षा अन् संशोधन."

"शब्दाचा अर्थ बघणे, असं लिहा."

"तसं कारण न्हाई."

"मग कोश ठेवलाय कशाला?"

"तपासणीला लागतो."

मी म्हणालो, संशोधन लिहा. ते म्हणाले, गाइडची सही आणा. मी म्हणालो, मग स्पर्धा परीक्षा लिहा. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्या केसांकडं नीट बघितलं आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "काका, तुमचं वय बसत न्हाई."

आयुष्यात माझे पुष्कळ अपमान झालेत, पण ते बहुतेक तिरस्कारानं झालेत. मायेनं झालेला हा पहिलाच. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. शेवटी ते वितळले आणि म्हणाले, चावी साहेबांकडं आहे. साहेब औंढ्याला गेलेले. साहेब आले तेव्हा चावी घरी. चावी आली तेव्हा कुलूप गंजलेलं. मग मीच डेपोतून पाना आणि तेल आणलं आणि ज्ञानाचं कपाट उघडून दिलं. ते गृहस्थ म्हणाले, "आता आलातच तर ते शेजारचं पंख्याचं रेग्युलेटर बी बघा."

कोश कोरा करकरीत. माझ्याआधी त्यात फक्त एक पाल गेली होती आणि ती परत आलेली नव्हती. 'सी'च्या पानांत सपाट होऊन पडली होती. मला 'बी' आणि 'डी' हवा होता, त्यामुळं जाताना-येताना तिला ओलांडत मी वाचलं. माझं इंग्रजी बसच्या पार्टांपुरतं. तरी बोट ठेवून ठेवून काढलं. ब्रॉन्को हे ग्रीक: घशाखालची श्वासाची नळी. डायलेट हे लॅटिन: त्यातला 'लाटस' म्हणजे रुंद. आणि हौस म्हणून 'ए'मध्येही गेलो. अस्थमा ग्रीकच, म्हणजे नुसती धाप. पंतांचं उभं राहणं-बिहणं त्यात काही नव्हतं. आपला दमा शेजारच्या मराठी कोशात बघितला, तर तो फारसी, दम म्हणजे श्वास. तो निजामाच्या वाटेनं आला की आणखी कुठून, पण आला आणि इथंच राहिला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एका पंपाच्या मागं एवढे मुलूख! मी बाकावरच बसून एक भाषण तयार केलं. शुद्ध मराठीत. आणि ते भाषण घेऊन मी घरी आलो.

याडी पंपाच्या खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. निजलं की धाप वाढायची, म्हणून दोन दिवस ती बसल्याबसल्याच झोपत होती. छातीतलं मांजराचं पिल्लू आता मोठं मांजर झालं होतं. ओठांचा रंग मला आवडला नाही. तरी मी भाषण केलं. "याडी, यवन देशातील प्राचीन भाषेत कंठनलिकेस ब्रॉन्कस अशी संज्ञा होती. रोमक साम्राज्याच्या भाषेतील विस्तारवाचक धातूशी तिचा संयोग होऊन…"

तिनं हात वर केला. तिला आता दम खाऊन खाऊन बोलावं लागत होतं. "ही माणसं… कुठल्या तांड्याची?"

"ग्रीस आणि रोम."

"नायक कोन त्यांचा?"

"आता कुणी नाही. फार जुनी गोष्ट आहे. रोमची ती भाषा आता कुणी बोलतसुद्धा नाही."

"म्हंजे मेली समदी?"

"मेली म्हणजे… हो. मेली."

याडीनं पदर सारखा केला. "मेलेल्या मानसांनी ठेवलेल्या नावाचं… जित्या मानसानं घ्यायचं व्हय? न्हाई जमायचं, हरिचंदा. पुंजाजीला बोलाव."

मिना आतून म्हणाली, "मी सांगू का त्यांला?"

"तू मधे पडू नको," मी म्हणालो. मी अजून भाषणाच्या दुसऱ्या भागावर होतो.

पुंजाजी आमच्या तांड्याचा नायक. नात्यानं याडीचा चुलतभाऊ, म्हणून माझा मामा. भांडण असो, सोयरीक असो, हरवलेलं वासरू असो, त्याचा शब्द शेवटचा. फोन केला तेव्हा तो हळदीच्या ढोलापाशी होता. "पाव्हन्याचं गोत ठरवायचं हाय," एवढं ऐकल्याबरोबर तो निघाला. एकटा नाही, रिवाजाप्रमाणं चार शहाणी माणसं घेऊन, आणि त्यांत सगळ्यात म्हातारा वसराम. गाडी शोधायला वेळ नव्हता, म्हणून हळद टाकून आलेला टेम्पोच घेतला. रिकामा. म्हणजे पोती उतरवलेला. हळदीतून रिकामा झालेला टेम्पो हिंगोली जिल्ह्यात अजून कुणी बघितलेला नाही.

टेम्पो दारात थांबला. आतून पाच पिवळी माणसं उतरली. भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या, वसरामच्या कानातले केसही पिवळे. आणि ही माणसं असभ्य असती तर पुढचं काही झालं नसतं. ती थेट आत आली असती आणि गादीवर बसली असती. पण आमची माणसं रीतीची. हळदीचं अंग घेऊन कुणाच्या घरात जायचं नाही, हा नियम. म्हणून पाचही जणांनी आमच्या व्हरांड्याच्या पायरीवर, खाटेसमोर, याडीपासून चार हातांवर उभं राहून, अगदी मनापासून, धोतरं झटकली. टॉवेल झटकले. पागोटं सोडून झटकलं. वसरामनं तर वहाणा एकमेकींवर आपटल्या.

व्हरांडा पिवळा झाला. भिंतीपलीकडून दत्तोपंत "कुणाचं लग्न आहे?" म्हणून विचारून शिंकायला लागले.

आणि त्या पिवळ्या ढगातून याडीचा आवाज यायचा बंद झाला.

आवाज बंद होणं हे वाईट. आत्तापर्यंत शिट्टी तरी वाजत होती. पूड खाली बसली तेव्हा ती दोन्ही हात जमिनीला टेकून पुढं वाकली होती, गळ्याचा खड्डा आत ओढला जात होता, आणि हवा जात नव्हती. मी खाटेवरचा पंप उचलून तिच्या तोंडाशी नेला. तिनं पालथा हात तोंडावर ठेवला आणि डोळ्यांनीच नायकाकडं बघितलं.

अशी ही बाई. जीव चाललाय आणि रीत सोडत नाही.

पुंजाजीमामा उकिडवा बसला. पंप माझ्या हातातून घेतला, वरखाली बघितला आणि घाईघाईनं पण रीतसर विचारलं, "पाव्हन्या, गोत काय तुझं?"

पंपाच्या वतीनं मी बोलायचं होतं. मी तोंड उघडलं: "ग्रीक… लॅटिन… विस्तारवाचक…"

"हरिचंद!" मामा ओरडला. "गोत राहू दे! हा करतो काय ते सांग! धंदा काय ह्याचा?"

आणि ती सगळी शुद्ध भाषा मला सोडून गेली. वाचनालयाच्या बाकावर जमवलेलं ते सगळं गेलं. तोंडात फक्त घरची बोली राहिली, आणि त्या बोलीत माझ्याकडं तीनच शब्द होते.

"वाट रुंद करतो."

"कशाची?"

"श्वासाची, मामा! छातीतली वाट आवळून बसलीय. हा पुढं जातो अन् रुंद करतो. त्याचं नावच तेवढं आहे. दुसरं काही नाही त्यात!"

याडीचा हात तोंडावरून खाली आला.

त्याचं कारण तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमचे आजे-पणजे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणतात. जंगलातून लदेणी निघाली की सगळ्यांच्या पुढं एक माणूस कुऱ्हाड घेऊन चालायचा. त्याचं काम एकच: झाडोरा तोडून वाट रुंद करायची, म्हणजे लादलेला बैल अडकायचा नाही. एक बैल अडकला की मागची अख्खी लदेणी थांबते, आणि मागं वाघ असतो. याडीचा आजा तोच माणूस होता. लहानपणी मी न जेवलो तर ती मला त्याच्याच गोष्टी सांगायची.

तिनं तोंड उघडलं.

मी दाबला. घाईत उलटा धरला होता. पहिला फवारा वसरामच्या मिशीत गेला. वसराम म्हणाला, "थंड हाय बरं का." मिनानं माझ्या हातातून पंप ओढून घेतला, हलवला, याडीच्या ओठांत नीट बसवला आणि म्हणाली, "सासूबाई, श्वास ओढा… ओढा… आता धरून ठेवा." पाकिटातल्या कागदावर चित्रं होती, मी कोशात पालीबरोबर होतो तेव्हा तिनं ती बघून ठेवली होती. थोडं थांबून परत एकदा. मग परत.

शिट्टी आली. आमच्या घरात त्या शिट्टीचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या एकाही छापील पत्राचं झालेलं नाही. शिट्टी म्हणजे हवा जातेय.

याडीला टेम्पोत बसवायचं कुणी नाव काढलं नाही. दत्तोपंतांनी शिंकत शिंकत त्यांची गाडी काढली, आणि आम्ही डॉक्टरांकडं गेलो; मामा आणि चौघं टेम्पोतून मागं. तिथं याडीच्या तोंडाला एक मास्क लावला. यंत्रातून औषधाची वाफ येत होती. डॉक्टर या वेळी पडदा सोडून माझ्याकडं बघत होते. "अहो, आधी का नाही घेतलं औषध? शिकलेले दिसता!"

शिकलेला दिसतो, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, आणि ते असल्या वेळी.

मी म्हणालो, "तुम्ही 'श्वासाची वाट रुंद करणारा' असं म्हणाला असता तर हिनं पंप व्हरांड्यात न बसवता तेव्हाच घेतला असता."

"एवढं सगळ्यांना सांगत बसलो तर बाहेरची रांग कधी संपणार?"

"हिची रांग आज संपत होती," मी म्हणालो. मग डॉक्टरांनी स्वतः याडीचं मनगट धरून नाडी मोजली, आणि जायच्या आधी तिला पंप कसा घ्यायचा ते हळू बोलून दाखवलं. हेही लिहितो, कारण मला खोटं लिहायचं नाही.

मास्कमधून याडीनं यंत्राकडं बोट केलं. मला कळलं. "नेब्युलायझर," मी म्हणालो, "पण याचं गोत मला ठाऊक नाही."

दत्तोपंत कोपऱ्यातून उठले. नाक लाल. "नेब्युला, राठोड. लॅटिन. म्हणजे धुकं. ते आपल्या नभातूनच! संस्कृतातून निघालेलं!"

दुसऱ्या दिवशी मी परत त्या वाचनालयात गेलो, पाना घेऊनच. पंत जन्मात एकदा जवळजवळ बरोबर निघाले. एक दुसऱ्यातून निघालेला नाही, पण दोघं एकाच घरचे आहेत. भाऊ आहेत. मी पंतांना भिंतीवरून तसं सांगितलं. बाप नाही, भाऊ, हे त्यांना लागलं, पण त्या दिवसापासून ते याडीला विचारून जातात, "आज नभ कसं आहे, आजी?"

याडी बरी आहे. निकाल मामानं दवाखान्याच्या पायरीवरच दिला होता: जो पुढं जाऊन वाट रुंद करतो त्याचं गोत ह्या घरचंच, हा आजपासून राठोड. चौघांनी माना डोलावल्या. म्हणजे रीतीप्रमाणं पंप आता माझा धाकटा भाऊ आहे. याडी त्याला धाकल्या म्हणते. धाप लागली की हाक येते, "मिना, धाकल्याला आन गं," आणि धाकल्या आतल्या फडताळातून येतो. मला ती अशी हाक मारत नाही. म्हणते, थोरल्याला आधी भाषण करावं लागतं.

आता तुमच्याकडं वळतो.

मी नट-बोल्टांचा माणूस. तरी पाल ओलांडून जे मला सापडलं ते तुमच्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. त्या लांबलचक नावात काही नाही, वाट रुंद करणारा एवढंच आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ग्रीसच्या माणसाला ते त्याच्या भाषेत कळत होतं. रोमच्या माणसाला कळत होतं. मग साखऱ्याच्या पुढच्या तांड्यावरच्या बाईनंच कोणतं पाप केलं होतं? पाकिटावर तुमचे सगळे शब्द राहू द्या, मला त्यांचा राग नाही. लांबून चालत आलेल्यांचा राग आमच्यात कुणी करत नाही. पण त्यांच्या शेजारी हे तीन शब्द छापायला तुमचं काय अडलं होतं? जागा नव्हती? शाई नव्हती? की कळलं तर माणसं प्रश्न विचारतील, ही भीती होती?

आणि माझ्यासारख्या दहावी नापास माणसाच्या मनात हे कुणी भरवलं, की आईचा जीव जात असताना आधी शुद्ध बोलायचं?

याडीनं तुमच्यासाठी व्हरांड्यात खाट टाकून ठेवली आहे. चादर धुतलेली आहे. तांब्या भरलेला आहे. या, बसा, पाणी प्या. आमच्याकडं ते आधीच देतात. आणि मग तिच्याकडं बघून सांगा.

तुमचं गोत काय?